झोन आला, डीएनए वाचला... पण कशाच्या तुलनेत?

‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेचे दिवस आले की रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत महाविद्यालयांत एका विषयाचं पोस्टर हमखास दिसतं. अमिनो आम्लापासून नवं संयुग तयार केलं, ते जिवाणूंची वाढ रोखतं आणि डीएनएचं रक्षण करतं. मग गावात बातमी पसरते, ‘आमच्या पोरांनी नवं औषध शोधलं.’ घरच्यांना आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. त्या दोन ओळींसाठी पोरं दिवसदिवस प्रयोगशाळेत उभी असतात. पण त्या ओळींत नेमकं काय सिद्ध झालंय आणि काय नाही, हे सहसा कुणी उलगडून सांगत नाही. रसायनशास्त्र शिकवणारा माणूस म्हणून मला ते मनापासून सांगावंसं वाटतं.

आधी अमिनो आम्लांची ओळख करून घेऊ. आपली प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. प्रत्येकात एका बाजूला नायट्रोजनचा अमिनो गट, दुसऱ्या बाजूला आम्लाचा कार्बॉक्सिल गट आणि मधल्या कार्बनला जोडलेली एक बाजूची साखळी. ग्लायसिनमध्ये ही साखळी म्हणजे हायड्रोजनचा एकच अणू, सिस्टीनमध्ये तिच्यात गंधक, तर हिस्टिडीनमध्ये दोन नायट्रोजन असलेलं कडं. हे रेणू स्वस्त मिळतात, दोन्ही टोकांना त्यांच्यावर क्रिया करता येते आणि मुख्य म्हणजे सजीव पेशी त्यांना ओळखतात.

या ओळखीचा फायदा औषधांनी आधीपासूनच घेतलाय. पेनिसिलिनचा गाभा बुरशी सिस्टीन आणि व्हॅलिन या अमिनो आम्लांपासूनच घडवते. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात सायक्लोसेरीन देतात. ते डी-अ‍ॅलनिन या अमिनो आम्लासारखं दिसतं. जिवाणूला आपली पेशीभित्तिका बांधायला डी-अ‍ॅलनिन लागतं. आपल्या पेशींना तशी भित्तिका नसतेच, आणि आपल्या प्रथिनांत त्याचं आरशातल्या प्रतिमेसारखं रूप, म्हणजे एल-अ‍ॅलनिन असतं. सायक्लोसेरीन आलं की जिवाणूचं डी-अ‍ॅलनिनवरचं काम अडतं आणि भित्तिका अर्धवट राहते. त्यामुळे अमिनो आम्लात फेरफार करून जंतूंविरुद्ध काही मिळतंय का ते पाहणं, ही कल्पना अगदी रास्त आहे.

मात्र अमिनो आम्लापासून बनलं म्हणजे निरुपद्रवी, असं मुळीच नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासळी बर्फाविना उन्हात राहिली की तिच्यावरचे जिवाणू हिस्टिडीनचं हिस्टामाइन करतात. असा बांगडा खाल्ला की चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. आणि एकदा तयार झालेलं हिस्टामाइन कालवण कितीही उकळलं तरी जात नाही. हिस्टिडीनमधून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू निघून गेला, एवढाच काय तो फरक.

याच किनाऱ्यावर संरक्षण करणारं उदाहरणही सापडतं. पावसाळ्यात भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खडकांवर पॉर्फायरा हे पातळ, जांभळट शेवाळ उगवतं. जपानी लोक खातात त्या नोरीच्याच कुळातलं. ओहोटी लागली की ते उघड्यावर पडतं, आणि ढग सरले की वरून थेट ऊन. त्या उन्हातल्या अतिनील किरणांनी डीएनएला इजा होते. या कुळातली शेवाळं त्यावर मायकोस्पोरीनसारखी अमिनो आम्लं तयार करतात. त्यांतल्या पॉर्फायरा-३३४ या संयुगात एका कड्याला ग्लायसिन आणि थ्रिओनिन जोडलेली असतात. ते ३३४ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण शोषून घेतं आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देतं. डीएनएला हात न लावता त्याच्यावर सावली धरणारं हे संयुग पुढे पुन्हा लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

पिवळा रंग आणि सहा मिलिमीटरची चकती

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सर्वांत जास्त बनतात ते शिफ बेस. ह्यूगो शिफ यांनी ही क्रिया १८६४ साली मांडली. अल्डिहाइड आणि अमाइन एकत्र आले की पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि कार्बन-नायट्रोजनचा दुहेरी बंध तयार होतो. अमिनो आम्लाच्या किंचित अल्कधर्मी द्रावणात कडू बदामासारख्या वासाचं सॅलिसिलअल्डिहाइड थेंबाथेंबाने सोडा. बिनरंगी द्रावण बघता बघता लिंबासारखं पिवळं होतं. त्यात तांब्याचा क्षार घातला की रंग हिरव्याकडे झुकतो, कारण आता त्या रेणूने तांब्याला धरलेलं असतं. हा रंगबदल पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

पुढची पायरी जिवाणूंची, आणि तिला लागतं अगार. जेलीसारखं घट्ट होणारं हे अगार लाल समुद्री शेवाळांपासून मिळतं. ग्रॅसिलारियासारखी अगार देणारी शेवाळं आपल्याही किनाऱ्यावर आहेत. जिवाणू वाढवायला पूर्वी जिलेटिन वापरत. ते उबेत वितळायचं आणि काही जिवाणू ते खाऊनही टाकायचे. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांना १८८१ मध्ये त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी अगार सुचवलं आणि ही अडचण सुटली. अगार एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळायला सुमारे ८५ अंश सेल्सिअस लागतात. मे महिन्यातल्या कोकणातही बशी शाबूत राहते ती त्यामुळे.

पेट्री बशीत मुलर-हिंटन अगारचा चार मिलिमीटर जाडीचा थर ओततात. ठरलेल्या गढूळपणाचं, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये साधारण पंधरा कोटी जिवाणू असलेलं द्रावण कापसाच्या बोळ्याने त्यावर सगळीकडे फिरवतात. वर सहा मिलिमीटर व्यासाची कागदी चकती ठेवतात, तिच्यात आपलं संयुग जिरवलेलं असतं. बशी उलटी करून ३५ अंशांना सोळा ते अठरा तास ठेवायची. उलटी अशासाठी की झाकणाला धरलेलं पाणी अगारवर टपकू नये. दमट हवेत त्याचा फारच त्रास होतो. पावसाळ्यात रात्री लाइट गेली आणि इनक्युबेटर थंड पडला तर त्या बशीचा आकडा धरू नये. प्रयोग पुन्हा लावावा.

सकाळी बशीभर जिवाणूंचा दुधट थर दिसतो आणि संयुगाने काम केलं असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ. हाच झोन. तो पट्टीने मोजतात, चकतीसकट. पोस्टर वाचताना इथे जरा थांबावं. झोन आठ मिलिमीटर लिहिला असेल, तर त्यातले सहा चकतीचेच आहेत. स्वच्छ जागा दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर. आणि सहा मिलिमीटर म्हणजे झोन आलाच नाही.

झोन मोठा म्हणजे संयुग जास्त प्रभावी, असंही सरळ नसतं. छोटा, पाण्यात विरघळणारा रेणू अगारमधून लांब पसरतो. मोठा, तेलकट रेणू चकतीजवळच अडकतो, मग तो कितीही जालीम असो. अगारचा थर जाड झाला तरी झोन आक्रसतो. दोन वेगळ्या संयुगांचे झोन मिलिमीटरवर तोलून ‘हे त्याच्यापेक्षा सरस’ म्हणणं मला पटत नाही, आणि छापील निबंधांतही ते सर्रास दिसतं.

याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारच्या चकत्या. नुसत्या द्रावकाची एक हवी. ही संयुगं बहुधा डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात विरघळवतात, त्याचा स्वतःचा परिणाम किती ते कळायला हवं. नुसत्या सॅलिसिलअल्डिहाइडची एक हवी, कारण ते स्वतःच जिवाणूंना रोखतं. त्यातून शिफ बेस पाण्यात मोडून मूळ घटक परत वेगळे होऊ शकतात. म्हणजे अठरा तासांनी जे काम झालं ते नव्या रेणूचं की त्याच्या तुकड्याचं? ही चकती नसेल तर या प्रश्नाला उत्तर नाही.

तांब्याचं संयुग असेल तर आणखी एक चकती लागते. सुपारीच्या बागायतदाराला हे क्षणात कळेल. कोळे रोगावर आपण बोर्डो मिश्रण फवारतो, मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना. तिथे काम करतं ते तांबं. अमिनो आम्लाच्या तांबेयुक्त संयुगाने झोन दिला, तर तेवढंच तांबं मोरचुदाच्या रूपात दुसऱ्या चकतीवर ठेवून पाहायला हवं. दोन्ही झोन सारखे आले तर श्रेय तांब्याचं. संयुगाचा झोन ठळकपणे मोठा आला तरच त्या रेणूबद्दल बोलण्यासारखं काही आहे.

पुढे किमान रोधक मात्रा, जिला सगळे एमआयसी म्हणतात. छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये संयुग दर वेळी निम्मं विरळ करत जायचं: २५६, १२८, ६४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर, असं खाली. ज्या सर्वांत कमी मात्रेला वाढ दिसत नाही ती एमआयसी. रेझाझुरिन घातलं की वाचन सोपं होतं. जिवंत जिवाणू निळ्या रंगाचा गुलाबी करतात. एमआयसीला जिवाणू मेले की फक्त थांबले, हे पाहायला त्या खळग्यातला थेंब ताज्या अगारवर पसरून पुन्हा वाढ होते का ते बघतात.

इथला आकडा झोनपेक्षा कितीतरी प्रामाणिक असतो. ई. कोलाय या जिवाणूच्या प्रमाणित वाणावर सिप्रोफ्लोक्सासिन या प्रतिजैविकाची एमआयसी ०.००४ ते ०.०१६ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर येते. नव्या शिफ बेसची एमआयसी २५० आली, तर फरक पंधरा हजार पटींहून जास्त आहे. त्यामुळे काम वाया गेलं असं नाही. बाजूची साखळी बदलून पुढचा रेणू करायला तो आरंभबिंदू आहे. पण ‘सिप्रोफ्लोक्सासिनइतकंच प्रभावी’ हे वाक्य त्यावर लिहिता येणार नाही, बशीवर दोन झोन शेजारी कितीही छान दिसोत.

कोणता जिवाणू, हेही विचारावं. स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूला बाहेरचं पटल नसतं. ई. कोलाय आणि स्यूडोमोनाससारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना असतं आणि ते कित्येक रेणू आतच येऊ देत नाही. म्हणून पहिल्यावर यश, दुसऱ्यांवर अपयश हे चित्र नेहमीचं. सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) धास्ती असते. तो जिवाणू या बशीवर वाढतच नाही. त्याला वेगळं माध्यम आणि काही दिवस ते काही आठवडे लागतात. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात पसरलेला माकडताप तर विषाणूचा आजार. स्टॅफिलोकॉकसवर आलेला झोन या दोघांबद्दल काहीच सांगत नाही.

पट्ट्यांची भाषा

आता डीएनएकडे वळू. इथे बहुतेक वेळा प्लाझ्मिड वापरतात, म्हणजे जिवाणूंमधलं डीएनएचं छोटं बंद कडं. पीबीआर३२२ हे प्रसिद्ध प्लाझ्मिड ४३६१ आधारजोड्यांचं, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या तेवढ्या पायऱ्यांचं आहे. निरोगी अवस्थेत त्याला जादा पीळ असतो. सुंभाला पीळ देतच राहिलं की तो स्वतःभोवती वळून आखूड आणि घट्ट होतो, तसं. आता दोन धाग्यांपैकी एकाला जरी चीर गेली तरी पीळ सुटतो आणि कडं सैल पसरतं. दोन्ही धागे एकाच जागी तुटले तर कड्याची सरळ दोरी होते. एकच डीएनए, तीन रूपं. ही तीन रूपं वेगळी ओळखता येतात, सगळी चाचणी त्यावरच उभी आहे.

इजा करायला लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. फेंटन यांनी १८९४ साली वर्णन केलेली ही क्रिया. तिच्यातून हायड्रॉक्सिल मूलक निघतो, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असल्यामुळे अतिशय क्रियाशील झालेला रेणूचा तुकडा. त्याचं आयुष्य सेकंदाच्या अब्जांश भागाच्या घरातलं, पण तेवढ्यात तो समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. डीएनएच्या कण्यातल्या शर्करेवर घाव बसला की धागा तुटतो. आपल्या पेशींतही श्वसनाच्या ओघात असे मूलक तयार होतात, म्हणून या चाचणीला अर्थ आहे.

मग अ‍ॅगारोजचा जेल, म्हणजे पुन्हा समुद्री शेवाळच. खाचांमध्ये नमुने भरायचे आणि वीज सोडायची. फॉस्फेटमुळे डीएनएवर ऋण भार असतो, त्यामुळे ते धन टोकाकडे सरकतं. नमुन्यात मिसळलेला निळा रंग जेलमधून हळूहळू पुढे जाताना दिसतो, डीएनए मात्र डोळ्यांना दिसत नाही. इथिडियम ब्रोमाइडने रंगवून अतिनील दिव्याखाली धरलं की नारिंगी पट्टे उजळतात. पीळदार रूप आटोपशीर, ते झपाट्याने खाली गेलेलं असतं. सैल कडं वर रेंगाळतं. सरळ दोरी त्यांच्या मध्ये.

जेल असा वाचायचा. पहिल्या रांगेत नुसता प्लाझ्मिड: खाली ठळक पट्टा, वर पुसटसा. दुसऱ्या रांगेत प्लाझ्मिडवर फेंटनचा मारा: खालचा पट्टा विरलेला, वरचा उजळलेला, कधी मध्ये तिसरा. पुढच्या रांगांत आपलं संयुग वाढत्या मात्रेत. तिथे खालचा पट्टा परत दिसू लागला तर डीएनए वाचला. अंधाऱ्या खोलीत तो पट्टा परत आलेला पाहताना होणारा आनंद अस्सल असतो.

आणि नेमक्या याच क्षणी ‘कशाच्या तुलनेत’ हा प्रश्न सर्वांत जास्त लागतो. संयुग विरघळवलेलं डीएमएसओ स्वतःच हायड्रॉक्सिल मूलक पटकन टिपतं. हिशेब करून पाहा. नळीत एक टक्का डीएमएसओ असेल तर ते सुमारे १४० मिलिमोलर होतं. आपलं संयुग असतं समजा ०.१ मिलिमोलर. म्हणजे द्रावकाचे रेणू संयुगाच्या चौदाशे पट. डीएनए वाचवला कुणी? नुसत्या डीएमएसओची रांग जेलवर नसेल तर माझ्या मते त्या निष्कर्षाला आधारच नाही. प्लाझ्मिड ज्या बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात येतो, त्याचंही असंच. त्यात बहुधा ट्रिस असतं, तेही मूलक टिपतं, आणि ईडीटीए असतं, ते लोहाला धरून फेंटन क्रियेची चाल बदलतं. आणखी एक रांग फेंटनशिवाय, नुसतं संयुग आणि प्लाझ्मिड अशी हवी. तांब्याची काही संयुगं स्वतःच डीएनए तोडतात, ते तिथे उघडं पडतं.

सगळ्या रांगा चोख असल्या तरी ‘वाचवला कसा’ हे शिल्लक राहतं. संयुगाने मूलक टिपला असेल. किंवा लोहालाच धरून ठेवलं असेल, म्हणजे मूलक पुरेसा तयारच झाला नाही. अमिनो आम्लांच्या संयुगांत हे सहज घडतं, कारण धातूला धरायला लागणारे नायट्रोजन आणि ऑक्सिजन त्यांच्यात तयार असतात. काही ठिकाणी लोहाऐवजी पेरॉक्साइडवर अतिनील प्रकाश टाकून मूलक काढतात. तिथे तिसरी शक्यता येते, सावलीची. संयुगाने प्रकाशच शोषला तर पेरॉक्साइड फुटतच नाही. पॉर्फायराच्या संयुगासाठी सावली धरणं हे खडकावरचं खरं काम आहे, तिथे हा निकाल अर्थपूर्ण ठरतो. पण गोळी म्हणून पोटात घ्यायच्या पदार्थाने परीक्षानळीत सावली धरली, याचा शरीराच्या आत काय उपयोग? म्हणून दोन्ही पद्धतींनी चाचणी करावी आणि लोह धरण्याची ताकद वेगळी मोजावी. लोह आणि पेरॉक्साइडच्या मिश्रणात डीएनए वाचला पण प्रकाशाच्या पद्धतीत वाचला नाही, तर संशय लोहाकडे जातो.

दोन गुण एकाच रेणूत

जिवाणू मारतो आणि डीएनए वाचवतो, असे दोन्ही गुण एका रेणूत आहेत म्हटल्यावर मी आधी विचारतो, जिवाणू मरतो कशाने? सिप्रोफ्लोक्सासिन जिवाणूच्या गायरेज या विकरावर (एन्झाइमवर) घाला घालतं. डीएनएला तो जादा पीळ देतं ते हेच विकर. म्हणजे डीएनएशी संबंधित मार्गाने मारणारी औषधं आहेतच. नवं संयुग डीएनएला चिकटून काम करत असेल, तर ते आपल्या डीएनएलाही चिकटेल का, हे तपासल्याशिवाय ‘रक्षक’ म्हणणं घाईचं होईल. जेलवर चकवाही होतो. संयुग आधारजोड्यांच्या मध्ये घुसलं की इथिडियम ब्रोमाइडला जागा उरत नाही, पट्टा फिका पडतो किंवा जागा बदलतो, आणि वाचणारा भलताच अर्थ काढतो.

शिवाय परीक्षानळीतला प्लाझ्मिड उघडा असतो. आपल्या पेशीत डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेलं, केंद्रकाच्या आत. संयुगाला तिथवर पोचायचंय, वाटेत यकृत त्याचं रूप बदलणार. म्हणून जेलनंतर तांबड्या रक्तपेशी फुटतात का ते पाहतात, माणसाच्या पेशी वाढवून त्यांवर संयुग टाकतात. जिवाणू ज्या मात्रेला मरतो त्याच मात्रेला आपली पेशीही मरत असेल तर ते औषध होऊ शकत नाही. फिनाइलसुद्धा जिवाणू मारतं.

डीएनएला इजा होते का, याची नेहमीची तपासणी म्हणजे ब्रूस एम्स यांनी १९७०च्या दशकात आणलेली चाचणी. तिच्यातला साल्मोनेला जिवाणू स्वतः हिस्टिडीन बनवू शकत नाही. जनुकात उलटा बदल झाला तरच तो हिस्टिडीनशिवाय वाढतो, म्हणून वसाहती मोजल्या की उत्परिवर्तन किती झालं ते कळतं. यकृताचा परिणामही धरता यावा म्हणून उंदराच्या यकृताचा अर्क मिसळतात. अमिनो आम्लांच्या संयुगांवर काम करणाऱ्यांनी इथे फार सांभाळावं. संयुग हिस्टिडीनचं असेल आणि मोडून हिस्टिडीन सुटं झालं, तर जिवाणूला आयतं खाद्य मिळतं. कोणताही बदल न होता वसाहती उगवतात आणि निर्दोष संयुगावर ठपका येतो. अशा वेळी ट्रिप्टोफॅन लागणारा ई. कोलायचा वाण घ्यावा, आणि ट्रिप्टोफॅनच्या संयुगांसाठी साल्मोनेलाच ठेवावा.